कॅरॅमल कस्टर्डची सीलबंद बाटली

१

सकाळी साडेदहाला बाटलीवरचं लाखेचं सील फोडलं, आणि पावणेअकराच्या आत बाटल्या धुणाऱ्या मावशींची एकोणीस वर्षांची नोकरी गेल्यात जमा झाली. इतक्या झटपट तर चहासुद्धा होत नाही.

बाटलीत जिन होती, पण साधीसुधी नव्हे. कॅरॅमल कस्टर्डच्या चवीची जिन! दिसायला पाण्यासारखी नितळ, पण ग्लास नाकाशी नेला की आधी व्हॅनिला, मग दाट दूध आणि मागून खरपूस झालेली साखर. बरं, साखरेचा कणही नाही हं तिच्यात. जिभेला गोड असं काही लागतच नाही, गोडवा सगळा वासाचा. भट्टी छोटी, माणसं मोजून चौदा, आणि या एका जिनवर सगळ्यांनी सात महिने जीव टाकला होता. मोठ्या दुकानांसाठी माल निवडणाऱ्या खरेदीदार बाई आज ती चाखायला आल्या होत्या.

टेबलाशी मालकीणबाई होत्या. त्यांचे दीर, म्हणजे धाकटे मालक, होते. भट्टीची प्रयोगशाळा सांभाळणारी पुतणी होती, आणि बाटली हातात धरून उभे होते ते तिचे सख्खे काका. तिला सगळी भट्टी ‘पुतणी’ म्हणूनच ओळखायची आणि त्यांना ‘नाककाका’. तीस वर्षं इथला थेंब न् थेंब या माणसाच्या नाकाखालून गेला होता, मग दुसरं काय म्हणणार? ही बाटलीही काल त्यांनीच चाखली, भरली, वहीत शेरा लिहिला आणि ओल्या लाखेवर अंगठा दाबून सील केली. आज ते फक्त ओतणार होते. बाटली ज्याने भरली त्याने ती पाहुण्यांसमोर चाखायची नाही, असा इथला जुना रिवाज. ग्लासांचा ट्रे धरून मावशी त्यांच्या मागे उभ्या होत्या.

खरेदीदार बाईंनी ग्लास नाकाशी नेला आणि न पिताच खाली ठेवला. मालकीणबाईंनी घोट घेतला मात्र, त्यांचं तोंड कसनुसं झालं.

“अगं बाई! हे काय? ओला पुठ्ठा चघळल्यासारखं लागतंय!”

धाकट्यांनी तर रुमालात थुंकून टाकलं. काकांचा चेहरा पांढराफटक पडला. सगळ्यांच्या माना पुतणीकडे वळल्या, कारण काकांनंतर नाक म्हणावं तर तिचंच. तिने वास घेतला. पुन्हा एकदा घेतला. काकांकडे पाहिलं.

“बाटली नीट धुतलेली नाही,” ती म्हणाली. “फडक्याचा कुबट वास आहे.”

मावशींनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पुतणीकडे टक लावून पाहिलं आणि तोंड मिटून घेतलं.

“दुसरी बाटली काढू का?” मालकीणबाई काकुळतीला आल्या.

“नको. मला कळायचं ते कळलं,” खरेदीदार बाई म्हणाल्या, आणि पर्स उचलून चालत्या झाल्या.

मालकीणबाई रागात फार वेळ घालवत नसत. “मावशी, पाच वाजता गेटवर पास जमा करा आणि घरी जा. उद्यापासून येऊ नका.”

“बरं,” मावशी म्हणाल्या. एका बाटलीला चरा गेला म्हणून अख्खं पॅकिंग डोक्यावर घेणारी ही बाई, आणि आज नुसतं बरं!

२

पहिला बोंबलला तो दारू गाळणारा भट्टीवाला. हातातला पाना तसाच घेऊन तो मालकीणबाईंच्या केबिनमध्ये घुसला.

“मावशींनी बाटली घाण ठेवली? अहो, त्यांनी धुतलेल्या बाटलीत बघून मी भांग पाडतो! काहीतरी बोलायचं म्हणून बोलता का?”

मालकीणबाई गडबडल्या. पुतणी दाराशीच उभी होती. सकाळपासून तिचे कान तापले होते, आणि ते काही केल्या निवत नव्हते.

“मला पाचपर्यंत वेळ द्या,” ती म्हणाली. “मी शोधून काढते.”

“शोध. पण मला पुरावा हवा. तोंडाच्या वाफा नकोत.”

तिने उरलेली जिन प्रयोगशाळेत नेली, एका ग्लासात तीन बोटं घेतली आणि वरून थंड पाणी सोडलं. जिन दुधासारखी पांढरी झाली. मळकट फडक्याने असं होत नाही. हा प्रकार वेगळाच.

भट्टीतून दारू येते ती तीन भागांत. आधी येतं ते डोकं, झोंबणारं, ते फेकायचं. मग काळीज, तेवढंच बाटलीत जायचं. शेवटी उरतं ते शेपूट, तेलकट आणि ओल्या पुठ्ठ्याच्या वासाचं. ते पुन्हा गाळायला ठेवतात. शेपटात तेल असतं म्हणून पाण्यात ते पांढरं होतं. कस्टर्डच्या बाटलीत काळजाऐवजी शेपूट होतं.

तिने तो पांढरा ग्लास मालकीणबाईंपुढे ठेवला. धाकटे मालक वाकून बघत म्हणाले, “शेपूट ओळखायला पाणी कशाला लागतं? तुला नाक नाही का?”

पुतणीने ऐकलं न ऐकलंसं केलं. “बाटली स्वच्छच होती. मावशींची चूक नाही.”

“चूक नाही, मग मुद्दामच केलं असणार,” धाकटे म्हणाले. “डब्यांच्या खोलीची किल्ली कुणाकडे असते? मावशींकडेच ना?”

झालं! सकाळी निष्काळजीपणाचा ठपका होता, आता दगाबाजीचा. तिने मावशींना वर काढायला हात दिला आणि आणखी खोल ढकललं.

३

सगळ्यांत आधी तिने धाकट्यांनाच गाठलं. ही जिन त्यांना पहिल्यापासून खुपत होती.

“खुपतेच,” ते म्हणाले. “जिन म्हणजे जिन. तिला जेवणानंतरची पोरांची गोडाची वाटी कशाला करायची? वहिनींना मी तोंडावर सांगितलंय. पण काल दुपारी मी दाताच्या डॉक्टरांकडे आ वासून बसलो होतो. हा बघ गाल.” गाल खरोखरच भोपळ्याएवढा होता.

भट्टीवाला पितळी नळ घासत होता. “काल दुपारी काळजाचा डबा भरला, शेपटाचा भरला, दोन वाजता दोन्ही खोलीत नेऊन ठेवले, खोली मावशी सकाळीच उघडून ठेवतात. दोन्ही डबे स्टीलचे, अगदी सारखे.”

“चिठ्ठ्या?”

“कसल्या चिठ्ठ्या, ताई? काकांचं फर्मान विसरलात? डब्याला चिठ्ठी लावायची तर मग माझं नाक कशाला, म्हणतात. तीस वर्षांत कुणाची हिंमत नाही झाली.” तो थांबला. “एक मात्र आहे. मी डबे कसेही टेकवतो. रोज मावशी मागून येऊन ते सरळ लावून ठेवतात. एकाची कडी दाराकडे, दुसऱ्याची भिंतीकडे. त्यांना तशी सवयच आहे. काल मात्र मी ठेवले तसेच पडून होते.”

“या वेळचा माल नेहमीसारखाच ना?”

“तसाच. फक्त जायफळ नाही घातलं. आयत्या वेळी मालकीणबाईंनी काढायला सांगितलं. भिंतीवरच्या कृतीच्या कार्डावर खोडायचं राहिलंय.”

काका आपल्या खोलीत कॉफी पीत बसले होते. पुतणी आत आली आणि कपाच्या वासाने तिला मळमळलं. दूध नासलेलं होतं. काका घोट घोट घेत होते. बिचारे, दुःखात आहेत, तोंडाची चवच गेली असेल, असं म्हणून तिने विषय काढला नाही.

“सील तुमचंच आहे, काका. अंगठ्यावरचा कापल्याचा वणही लाखेत उमटलाय. बूचही धड होतं. म्हणजे जे काही झालं ते सील करायच्या आधी.”

“मधे मी उठलो होतो बहुतेक,” काका खिडकीबाहेर बघत म्हणाले. “तेवढ्यात कुणी डबा बदलला असेल.”

“कुणी?”

“मी कुणाचं नाव घेणार नाही.”

त्यांनी नाव घेतलं नाही, पण घ्यायला जागा मात्र करून दिली. आणि लाज वाटावी अशी गोष्ट ही, की ते ऐकून पुतणीला हायसं वाटलं. कुणीतरी मधे शिरलं असावं, कुणीही असावं, अशीच तिची मनापासून इच्छा होती.

मावशी धुण्याच्या हौदाशी होत्या. पाच वाजता जायचं, पण उरलेल्या बाटल्या कोण धुणार, म्हणून त्या धूतच होत्या.

“मावशी, काल दुपारी डब्यांच्या खोलीत तुम्ही काय केलंत?”

“गेलेच नाही, ताई. दोनपासून चारपर्यंत मी तुमच्याकडे होते. काचेच्या नळ्या धुवायला तुम्हीच बोलावलं होतंत.”

खरंच की! दोन तास मावशी पुतणीच्या डोळ्यांसमोर होत्या, आणि काकांनी बाटली सील केली ती त्याच वेळात.

“मग सकाळी हे बोलला का नाहीत? मी नाव घेतलं तेव्हा?”

मावशींनी बाटली उजेडात धरली, फिरवून पाहिली. “तुम्हाला बरं वाटतंय ना, ताई?” त्यांनी उलट विचारलं. “सर्दीबिर्दी नाही ना?”

“मला काय झालंय? मी ठणठणीत आहे.”

“बरं,” मावशी म्हणाल्या. आणि पुढची बाटली हौदात बुडवली.

४

साडेतीन वाजले. बाकी सगळ्यांना विचारून झालं होतं. डब्यांच्या खोलीत दुसरं कुणी गेलेलं नव्हतं. डबे ठेवून आल्यावर भट्टीवाल्याला मालकीणबाईंनी दुपारभर भट्टीपाशीच उभं ठेवलं होतं. उरली होती ती फक्त काकांची वही.

कालच्या तारखेखाली काकांच्या देखण्या अक्षरात शेरा होता. ‘आधी व्हॅनिला, मग दूध, मग जळक्या साखरेचा किंचित कडवटपणा. शेवटी जायफळाची हलकी ऊब. उत्तम.’

पुतणीने तो दोनदा वाचला. जायफळ? या मालात जायफळ नव्हतंच. जायफळ होतं ते भिंतीवरच्या कार्डावर. म्हणजे हा शेरा नाकाने लिहिलेला नव्हता, डोळ्यांनी लिहिलेला होता.

मग एकेक गोष्ट आपणहून समोर येऊन बसली. नासक्या दुधाची कॉफी. सकाळी बाटली फोडल्यावर ती ओतणाऱ्या माणसाला हातभर अंतरावरून शेपटाचा भपका न येणं. मालकीणबाई ओरडेपर्यंत काकांचा चेहरा जसाच्या तसा होता, आणि मगच पांढरा पडला. कुणी काही बदललं नव्हतं. काका खोलीत आले, त्यांनी चुकीचा डबा उचलला, चाखला आणि त्याला उत्तम म्हणून सही ठोकली.

तिला रडू आलं. पण रडत बसायला वेळ नव्हता. तिने तीन ग्लास भरले, ट्रेमध्ये ठेवले आणि काकांपुढे नेऊन ठेवले.

हा खेळ काकांनीच तिला शिकवला होता. तीन ग्लास, दोन सारखे, एक वेगळा. वेगळा कोणता ते सांगायचं. ती नवीन असताना चुकली की काका तिच्या टाळक्यात टपली मारायचे.

“आता तू माझी परीक्षा घेणार?” काका हसले. हसू काही जमलं नाही.

“घ्या ना, काका. माझ्यासाठी.”

त्यांनी पहिला ग्लास हुंगला. दुसरा हुंगला. तिसरा हुंगला. पुन्हा पहिला. ते परत दुसऱ्याकडे वळले तशी पुतणीने नजर फरशीवर लावली. आपल्याला शिकवणाऱ्या माणसाला असं घामाघूम होताना बघणं म्हणजे शिक्षाच.

“मधला,” काका म्हणाले. “मधला वेगळा.”

“तिन्ही एकच आहेत, काका.”

काकांनी ग्लास ट्रेमध्ये परत ठेवला.

“आठ महिने झाले,” काका शेवटी म्हणाले. “तो ताप आला होता ना, त्यानंतर गेलं ते गेलंच. पहिले दोन महिने म्हटलं सर्दी आहे, येईल. मग सांगायची हिंमतच होईना. नाककाका म्हणतात गं मला सगळे. नाक गेलं तर मागे उरलं काय? नुसता काका!”

“काल काहीच वेगळं नाही लागलं?”

“जरा तेलकट लागलं. म्हटलं, भाजलेले बदाम घातलेत, त्यांचं तेल असेल.” त्यांनी हातांनी तोंड झाकलं. “आणि मी मधे उठलोबिठलो काही नव्हतो. तुझ्याशी खोटं बोललो.”

“मग आठ महिने तुम्ही डबे ओळखत कसे होतात?”

“मावशी. काळजाच्या डब्याची कडी दाराकडे, शेपटाची भिंतीकडे. पहिल्यांदा मला वाटलं, सहज झालं असेल. मग रोज तसंच. तिला कसं कळलं, देव जाणे. आम्ही दोघं त्यावर कधी अवाक्षर बोललो नाही. काल ती आली नव्हती, हे मला ठाऊकच नव्हतं.”

आणि काल मावशी का आल्या नव्हत्या, हे पुतणीला ठाऊक होतं. तिच्याच नळ्या धूत होत्या म्हणून!

“काका, सकाळी त्या बाईने आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला आणि तुमचं नाव घेतलं नाही.”

“माहीत आहे. मी तिथेच उभा होतो.” काका उठले. “चल. पाच वाजायच्या आत सांगायला हवं. मी सांगतो. तू सांगायचं नाहीस.”

५

पाचाला दहा मिनिटं असताना सगळे पुन्हा त्याच टेबलाशी जमले. सकाळचे ग्लास तसेच पडले होते. ज्यांनी उचलायचे त्यांनाच हाकललं होतं, मग कोण उचलणार?

काकांनी काही झाकलं नाही. ताप, वही, कार्डावरचं जायफळ, कडीची खूण, सगळं भडाभडा सांगून टाकलं. शेवटी मावशींकडे वळून त्यांनी हात जोडले. “सकाळी तुम्ही गप्प राहिलात ते मला कळत होतं, मावशी. आणि तरी मी तुम्हाला जाऊ देत होतो.”

भट्टीवाला नाक शिंकरत बाहेर गेला. मालकीणबाईंनी मावशींचा हात धरला. “तुम्ही कुठेही जायचं नाही. माझं चुकलं. काका, तुमचं काय करायचं ते उद्या शांतपणे बोलू. पण आधी एक फोन. मावशींचं नाव परक्या माणसासमोर खराब झालंय, ते त्या माणसासमोरच साफ व्हायला हवं.”

त्यांनी खरेदीदार बाईंना फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जावं म्हणून टेबलावर मधोमध ठेवला. बाटलीत चुकून शेपूट गेलं होतं, चूक आमच्या चाखणाऱ्यांची, बाटली धुणाऱ्या बाईंचा काही दोष नाही, असं त्यांनी नीट सांगितलं.

“शेपूट होतं ते मला सकाळीच कळलं,” फोनमधून आवाज आला. “नवीन मालात असं होतं. त्याचं एवढं काय? दुसरी बाटली मी आनंदाने चाखली असती.”

“मग तुम्ही निघून का गेलात?”

“तुमच्या त्या प्रयोगशाळेच्या बाईंमुळे. त्यांनी वास घेतला तेव्हा मी त्यांच्याकडेच बघत होते. पहिल्या वासालाच त्यांना कळलं होतं. दुसरा त्यांनी विचार करायला घेतला. आणि मग ट्रे धरून उभ्या असलेल्या बाईंचं नाव पुढे केलं. जिथे कळूनसवरून असं बोलतात, तिथला माल मी घेत नाही. ठेवते.”

काका पुतणीकडे बघत राहिले.

पुतणीला वाटलं, नाही म्हणावं. एक शब्द पुरला असता. वासाचा साक्षीदार कोण असतो?

“खरं आहे,” ती म्हणाली. “पहिल्याच वासाला कळलं होतं, हे शेपूट आहे. शेपूट म्हटलं असतं तर बोट काकांकडे गेलं असतं. माझी जीभ वळली नाही. मावशी समोर दिसल्या, त्यांचं नाव घेतलं. दिवसभर मी खरं शोधतच नव्हते. काकांऐवजी कुणीतरी दुसरं सापडावं म्हणून धावत होते. पाणी घालून बघायची तरी काय गरज होती? फडक्याचं खोटं मागे घ्यायला मला काहीतरी निमित्त हवं होतं, एवढंच.”

मावशींनी तिच्याकडे नवल वाटल्यासारखं पाहिलं.

“म्हणजे तुमचं नाक ठीक आहे?”

“ठीक आहे, मावशी.”

“आणि मी वेडी सकाळपासून तुमचीच काळजी करत्येय!” मावशी म्हणाल्या. “शेपूट तर मला ट्रेपाशी उभी असूनही ओळखू आलं होतं. तुम्ही फडकं म्हणालात तेव्हा माझ्या काळजात चर्र झालं. म्हटलं, काकांचं गेलं तसं आता या पोरीचंही गेलं. घराण्यातच असेल काहीतरी. आता मी तोंड उघडलं तर हिला इथे कोण ठेवणार? एवढंसं वय, हिचं पुढे कसं व्हायचं? म्हणून गप्प बसले.”

त्या चिडून बोलत नव्हत्या, हेच पुतणीला सोसेना. कुणी चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं. तिची मान खाली गेली ती वर होईना. माफ करा म्हणावं, तर तो शब्द या बाईपुढे ठेवायचीही तिला लाज वाटली.

मावशींनी ॲप्रन पुन्हा बांधला आणि टेबलावरचे ग्लास गोळा करायला घेतले. पुतणी धडपडून उठली आणि आपल्यापुढचा ग्लास उचलायला वाकली.

“राहू द्या, ताई,” मावशी म्हणाल्या. “आज तुमचा हात नको.”